दिपूचे घाट, माझा ओवरब्रिज

१ फेब्रुवारी, रविवार

दिपू आज सायकलवर एकसष्ट कि.मी. चढ अकराशे चाळीस मीटर. परदेशात तो राहतो त्या ल्योनहून निघाला, व्होन्येरे, इझरों, माल्व्हालची खिंड, मग खाली. तीन तास चोवीस मिनिटं. मधे इझरोंला अकरा मिनिटं थांबलाय. कॉफी घेतली असेल. एकटा होता की कुणी बरोबर होतं, ते त्यात कळत नाही.

हे सगळं हिच्या फोनवर. ही गेली जूनमध्ये, फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत दिपू घरी आला होता, तेव्हा त्याने त्यात ते सायकलवाल्यांचं अ‍ॅप टाकून दिलं. "आई, मी कुठं कुठं फिरतो ते तुला घरबसल्या दिसेल." नकाशावर लाल रेघ, खाली चढउताराचा आलेख. 'कोल' म्हणजे आपला घाट, असं त्यानं तिला समजावलं होतं. ही म्हणाली, मग घाटच म्हण ना. दर रविवारी रेघ बघायची आणि अंगठा दाबायची. मी हसायचो, तुला काय कळतं त्यातलं.

आता मी बघतो. अंगठा दाबत नाही. तो माझ्याशी बोलत नाही, आठ महिने होत आले.

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिली पाळी. मिलमध्ये स्टेंटरची वाफ खाऊन आलो. तिथं कापड वाळतं, बरोबर माणूसही वाळतो. भाकरी केली नाही, पावावर भागवलं.

नकाशात एक पिवळा माणूस असतो, त्याला उचलून रस्त्यावर सोडलं की रस्त्याचे फोटो दिसतात. आज व्होन्येरेपासून वर निघालो. बोटाने. दगडी बांध, चर्च, गाईंचं कुरण, परत दगडी बांध. एक म्हातारी फाटकाला रंग देत होती. तिचा चेहरा पुसून टाकलाय, सगळ्यांचेच पुसतात तिथं. एका वळणावर सायकलवाला दिसला. निळा टी-शर्ट, चेहरा पुसलेला, खांदे थेट दिपूचे. मागेपुढे करून चार बाजूंनी पाहिला. मग खाली तारीख दिसली, फोटो आठ वर्षांपूर्वीचा. तेव्हा दिपू इथं बमरोलीत होता आणि बारावीला गणितात राहतो की काय म्हणून ही सोमवार धरत होती.

इझरोंला पोचायला तास लागला. बोट दुखलं.

५ फेब्रुवारी

एकदा लिहूनच टाकतो, रोज डोक्यात फिरवत बसण्यापेक्षा.

ही तीन आठवडे दवाखान्यात होती. लिव्हर. दिपूची तिकडे शेवटची परीक्षा, सगळ्यांसमोर उभं राहून प्रोजेक्ट मांडायचा होता. मी ठरवलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. आमच्यात असंच करतात. परगावच्या माणसाला 'जरा बरं नाहीये' एवढंच कळवायचं. ही गेली आणि संज्याने, माझ्या पुतण्याने, फुलांच्या चौकटीत हिचा फोटो लावून 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं स्टेटस ठेवलं. त्याला तरी काय बोलू, सगळेच ठेवतात. दिपूला आई गेल्याचं त्या स्टेटसवरून कळलं. मी अजून दवाखान्याच्या काउंटरवर सह्या करत होतो.

त्याचा फोन आला. मी म्हणालो, आईनंच सांगितलं होतं, तुला कळवू नका म्हणून.

तो म्हणाला, "म्हणजे आईला मी नको होतो?"

त्यानंतर आवाज नाही. अग्नी संज्याने दिला. दिवसकार्याला, गंधमुक्तीलाही दिपू आला नाही. मी पाठवलेल्या मेसेजवर दोन खुणा येतात, निळ्या होत नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

अकराशे मीटर म्हणजे किती, ते आपल्या अंगाला कळावं असं वाटलं. गच्चीवरची काळी सायकल उतरवली, कनुभाईकडे ट्यूब बदलली. कनुभाई म्हणे, "भास्करभाई, आ उंमरे?" म्हटलं, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे मी, हवा भर.

सुरतेत चढ आणायचा कुठून. तापीपासून चलथाणपर्यंत सगळं परातीसारखं सपाट. चढ एकच, ओवरब्रिज. माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप नाही, म्हणून हिचा फोन खिशात घेतला आणि 'रेकॉर्ड' दाबलं. चौदा वेळा वर-खाली. छातीचा भाता झाला. ट्रॅफिकवाला दोनदा बघून गेला, तिसऱ्यांदा जवळ आला. "काका, कंई पडी गयुं छे?" म्हटलं, पडलं काही नाही, चढतोय. त्याने मान हलवली, पण गेला नाही, मी उतरेपर्यंत तिथंच उभा.

चौदा वेळा मिळून एकशे सव्वीस मीटर. दिपूचा नववा भागही धड नाही. पण घरी आल्यावर बरं वाटलं, आंघोळ करून सरळ झोपलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

मिलमध्ये संज्याचा फोन. मशीनच्या आवाजात ऐकू येईना, बाहेर आलो.

"काका, काकूच्या नावावर सायकल कोण चालवतंय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. फोन हिचा, नाव हिचं. रेकॉर्ड थांबवलं की ते आपोआप सगळ्यांना दिसतं. रविवारी सकाळी ल्योनमध्ये दिपू उठला असेल, फोन उघडला असेल, आणि त्यात: रेखा पाटील, सकाळची राइड, बमरोली, सुरत. जूनमध्ये गेलेली बाई. आणि तिला सायकल येतही नव्हती.

दिपूने त्या राइडचा फोटो काढून संज्याला पाठवला. खाली एवढंच, 'हे काय आहे?' संज्या म्हणाला, काय सांगू त्याला? म्हटलं, सांग, बापाचा मूर्खपणा आहे.

ती राइड काढून कशी टाकायची ते सापडायला अर्धा तास गेला. सापडलं तेव्हा हात थांबला. तिच्या नावावर तेवढी एकच होती. तरी काढली. रडलो, लपवायचं काय.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. साबुदाणा भिजवला तो चिकट झाला, गोळा खाल्ला. दिपूची राइड नाही. सकाळपासून तासातासाला बघतोय. पाऊस असेल म्हणून तिथलं हवामान बघितलं. ऊन आहे.

१७ फेब्रुवारी

हिच्या फोनवर आता त्याची एकही राइड दिसत नाही. जुन्यासुद्धा नाहीत. नाव दिसतं, पुढे कोरं. त्यानं दार ओढून घेतलं. बरोबरच आहे त्याचं. आईच्या नावानं भूत फिरायला लागलं तर मी तरी काय केलं असतं.

इतके दिवस वाटायचं, बोलत नाही तर नाही, रविवारी कळतं तरी की जिवंत आहे, पाय धड आहेत, चढतोय. आता तेही नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

माझ्या फोनमध्ये माझ्या नावाने ते अ‍ॅप घेतलं. भास्कर पाटील. त्याच्या राइड बघायच्या तर त्याची परवानगी लागते. बटण दाबलं, 'विनंती पाठवली' असं आलं. बापाची पोराला विनंती. ठीक आहे, तशी तर तशी.

१ मार्च, रविवार

काही नाही. ओवरब्रिज सतरा वेळा. आता ट्रॅफिकवाला हात करतो.

४ मार्च, धुळवड

मिल बंद. खाली उडिया पोरांची धुमाळी, एकमेकांना उचलून टाकीत बुडवतायत. शेजारची जयाबेन दाराशी वाटीत थोडा गुलाल आणि खजूर ठेवून गेली. आत ये म्हटलं नाही मी, तीही आली नाही. घरात दुःख आहे, असं समजून लोक हळूच वागतात, त्यानं घर जास्तच रिकामं होतं.

दुपारभर बोटाने माल्व्हालहून ल्युएरच्या खिंडीपर्यंत गेलो. लाल रेघ नाही, पण रस्ता पाठ झालाय. माल्व्हालनंतर झाडी, देवदारासारखी उंच. मग उजवीकडे एकदम उघडं होतं आणि खाली ल्योन दिसतं, धुरकट. इतकी वळणं मला दिपूच्या शाळेच्या रस्त्याची माहीत नव्हती. त्याला शाळेत सोडायला हीच जायची.

८ मार्च, रविवार

संज्याकडे जेवायला. संज्या म्हणाला, दिपूशी बोलणं झालं. "तो म्हणे, आईनंच नको म्हटलं असेल तर पप्पांवर राग धरून काय करू."

हातातला घास परत ताटात ठेवला. संज्याची बायको म्हणे, काका, भाजी तिखट झाली का? हो म्हटलं.

खरं लिहितो. इथं तरी.

ही तसं म्हणाली नव्हती. ही म्हणाली होती, "दिपूले बलाई ल्या. माले त्याले देखनं शे." दोनदा म्हणाली. मी म्हटलं, त्याची परीक्षा सोमवारी आहे, झाली की बोलावू, तोवर तूच घरी येशील. तिनं भिंतीकडे तोंड केलं. परत विचारलं नाही. आणि दिपूचा फोन आला तेव्हा मला काही सुचेना, म्हणून मी ते तिच्यावर ढकललं. तिला कुठं उलट बोलता येणार होतं.

आता तो मला माफ करायला निघालाय. कशावर, तर त्या खोट्यावर.

१९ मार्च, गुढीपाडवा

गुढी नाही, वर्षाच्या आत उभारत नाहीत. गॅलरीतून समोरच्या चाळीतल्या सात गुढ्या मोजल्या.

अकराला फोन वाजला. 'विनंती मान्य.' एक शब्द नाही वर. पण सगळं उघडलं. जुन्या सगळ्या रेघा परत आल्या. पंधरा फेब्रुवारीचीसुद्धा आहे, बहात्तर कि.मी., माल्व्हाल आणि ल्युएर दोन्ही. मी इथं हवामान बघत बसलो होतो, तो तिकडे मजेत चढत होता. मजेत की कसा, कोण जाणे. त्या दिवशी मधे कुठंच थांबलेला नाही.

बावीस मार्चला काय करतो बघू.

२२ मार्च, रविवार

पंचावन्न कि.मी. अंगठा दिला. माझ्या नावाने, पहिला. देताना लाज वाटली.

२९ मार्च, रविवार

चलथाणपर्यंत जाऊन आलो. सगळा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरमागे, साखर कारखान्याच्या मळीचा वास अजून अंगाला येतोय. एकतीस कि.मी. चढ अठरा मीटर. अठरा! दिपूच्या घरातून रस्त्यावर यायला तेवढा उतार असेल.

दुपारी बघतो तर अंगठा. दिपूचा. त्या अठरा मीटरला.

जिन्यावरच बसलो. जयाबेन वर येत होती, म्हणे तबियत ठीक छे? म्हटलं, एकदम.

५ एप्रिल, रविवार

आज तो दुसरीकडे गेला, बेसने नावाचं गाव. फोटो टाकलाय. डोंगरभर चेरीची झाडं फुललीत, पांढरी शुभ्र, मधून एका गाडीपुरता रस्ता, त्यात त्याची सायकल टेकवलेली. माणूस नाही फोटोत. बेसनेकडे चढ कमी पण सतत, वर-खाली, वर-खाली, आलेख करवतीच्या दात्यांसारखा. पाय सुटत नसतील.

माझ्या ओवरब्रिजच्या राइडखाली त्याने लिहिलं, 'वीस वेळा? गिअर नाही त्या सायकलला. गुडघे सांभाळा पप्पा.'

पप्पा. दहा महिन्यांनी.

उत्तर काय द्यावं यावर पाऊण तास घालवला. शेवटी 'बरं' लिहिलं. इतका कसा मी ठोंब्या.

७ एप्रिल

मिलमध्ये कापड जळलं माझ्या हातून. लक्ष नव्हतं. खात्याचा मास्तर बोलला, ऐकून घेतलं.

डोक्यात एकच. सांगायचं कशाला? गाडी रुळावर येतेय. अंगठे येतात, पप्पा म्हणतो, दिवाळीला येईलही. कोणाला माहीत आहे? ती आणि मी. ती गेली. मी गप्प बसलो की संपलं.

संपलं माझ्यापुरतं. तो तिकडे सायकल चालवताना काय घेऊन चढतो? आईला मी नको होतो. ते मीच चढवलंय त्याच्या पाठीवर, आणि वर त्याचे अंगठे घेतोय.

पण सांगितलं तर परत दार लागेल. या वेळी कायमचं. मला ते सोसणार नाही. खरंच नाही सोसणार. दहा महिने मी कसे काढले ते मला माहीत आहे.

१२ एप्रिल, रविवार

दिपूचा मेसेज. व्हॉट्सअ‍ॅपवर, सरळ मला. अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, आठवड्यावर आलीय, त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात.

'पप्पा, आखाजीला आईची घागर गावाला भरणार ना? पहिलीच आहे. किती वाजता ते कळवा, मी त्याच वेळी इथं पाणी ठेवीन. तिला चालेल ना, मी ठेवलेलं?'

तिला चालेल ना.

पोरा.

१३ एप्रिल

उत्तर दिलं नाही अजून. पाच वेळा लिहिलं, पाच वेळा पुसलं. फोन करावा तर आवाज ऐकून मी परत काहीतरी फेकीन, माझा भरवसा नाही.

१८ एप्रिल, शनिवार

दहिवेलजवळच्या गावी आलोय, भावाकडे, उद्याच्या आखाजीसाठी. संज्या साड्यांचा माल घेऊन टेम्पोने धुळ्याला निघालाच होता. सायकल गाठोड्यांवर बांधली. संज्या म्हणे, काका, गावात कशाला सायकल? म्हटलं, मला विसरवाडीला उतरव, कोंडाईबारीचा घाट मी सायकलने चढणार. त्याने गाडी बाजूला घेतली. "ट्रक किती असतात माहीत आहे ना?" शेवटी म्हणाला, पुढे घाटमाथ्यावर थांबतो, तासात आला नाहीत तर उलटा येतो.

सकाळीच ऊन चटके देत होतं. पहिली दोन वळणं बसून काढली. मग पाय थांबले. ओवरब्रिज कितीही वेळा चढला तरी मधे उतार मिळतो, इथं मिळत नाही. हे मला माहीतच नव्हतं. आलेखात दिसतं, पण पायाला वेगळं कळतं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे, कठड्याला चिकटून उभा राहायचो. निम्म्याहून जास्त ढकलत नेली. दिपू असे घाट एका रविवारी तीन-तीन चढतो, एकटा. कुणी पाणी पुढे करत नाही, कुणी वर थांबलेलं नसतं.

माथ्यावर संज्या उभा होता, हातात रसाचा ग्लास. प्यायलो. म्हटलं, दहा मिनिटं दे मला. गाडीच्या सावलीत बसलो आणि राइडच्या खाली लिहायची जागा असते तिथं लिहिलं. हात घामाने ओला, अक्षरं चुकत होती. इथं उतरवून ठेवतो:

'दिपू, आईनं तुला बोलवायला सांगितलं होतं. दोनदा. मी बोलावलं नाही. कळवू नका असं ती कधीच म्हणाली नाही, ते खोटं मी बोललो. तिला तूच हवा होतास. घागर उद्या अकराला. तू ठेवलेलं पाणी तिला सगळ्यात आधी चालेल.'

पाठवलं. घाटात नेटवर्क नव्हतं, गोल फिरत राहिला. दहिवेल आलं तेव्हा गेलं.

संज्या म्हणाला, काका, गप्प का? त्यालाही सांगितलं.  गावात मला उतरवताना म्हणाला, अग्नी मी दिलाय काका, मला तरी सांगायचं.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी

वहिनी पहाटेपासून सांजोऱ्या करतेय. नवी घागर धुऊन भरून ठेवली, वर लोटी, बाजूला खरबूज, आंबे. घागरीला सुताचा धागा. पोरी झोका बांधतायत कडुनिंबाला. मी सगळ्यांच्या मधे बसून फोन बघतोय. संज्या धुळ्याला माल टाकून रात्रीच आला, पण दुसरीकडे बघतो.

दिपूचं उत्तर नाही अजून. अंगठा नाही. मेसेज त्याने वाचला की नाही हेही त्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही.

पावणेअकरा. व्हॉट्सअ‍ॅप.

'कधी म्हणाली? वार सांगा.'

बाकी काही नाही. पप्पा नाही.

मला वाटलं होतं शिव्या देईल, नाहीतर काहीच म्हणणार नाही. वार विचारेल असं वाटलं नव्हतं. आधी लिहिलं, 'आता नीट आठवत नाही.' पुसलं.

आठवतो. मंगळवार. संध्याकाळी, सलाइन बदलायला नर्स आली होती तेव्हा. ही गेली शनिवारी पहाटे. मंगळवारी फोन केला असता तर तो गुरुवारी बमरोलीत असता. तिच्याजवळ दीड दिवस बसला असता. परीक्षा हुकली असती, दुसऱ्यांदा देता आली असती. हा हिशेब त्याला मी करून द्यायला नको, तो लगेच करेल.

लिहिलं, 'मंगळवारी. संध्याकाळी.' पाठवलं.

लगेच निळं झालं.

अकराला पाच कमी. वहिनी हाक मारतेय, निखारे ठेवलेत, त्यावर हिच्या नावाचा घास, आगारी टाकायची आहे, उठा म्हणे. फोन अजून हातात आहे. त्याने तिकडे पाणी ठेवलंय की नाही, मला माहीत नाही.